बोर्डाला पाठ लावून

ज्या मातीत आपली नाळ पुरली आहे तिथे तिकीट काढून आत शिरणारा, आणि आत शिरल्यावर सरकारी बोर्डाला पाठ लावून दिवस कलेपर्यंत उभा राहणारा माणूस डहाणू-तलासरीच्या बाजूला एकच झाला, आणि तो आमच्या शाळेचा शिपाई होता. तलावाकाठच्या त्या वनउद्यानात जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोटोत तो आहे. वापीच्या, उंबरगावच्या, वसई-विरारच्या किती घरांतल्या मोबाइलमध्ये तो आज बसला असेल, देव जाणे. नवं लग्न झालेली जोडपी, वाढदिवसाची टोपी घातलेली पोरं, एका रंगाच्या साड्या नेसून आलेली भिशीमंडळं, आणि या सगळ्यांच्या मागे, हिरव्या बोर्डाच्या बरोबर मध्यावर, विटक्या खाकी शर्टातला एक काटकुळा म्हातारा. लोकांना वाटत असेल, फोटो बिघडवायला उभा राहणारा हा कोणी वेडा आहे. वेडा होताच. पण फोटो बिघडवायला तो उभा राहत नव्हता. मी बिघडवून ठेवलेलं झाकायला उभा राहत होता. ते पुढे सांगतो. सांगायला फार सोपं नाही, म्हणून आधी त्याचं सांगतो.

बावीस वर्षं आम्ही एकाच शाळेत काढली. मी मराठीचा शिक्षक, बंदरपट्टीतला, बोर्डीकडच्या चिकूच्या वाडीत वाढलेला, तो जंगलपट्टीतला. वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तरी मी त्याला ‘अरे’ म्हणायचो आणि तो मला ‘सर’. यात कोणाला काही वावगं वाटत नसे, मला तर नाहीच. घंटा देणं हे त्याचं मुख्य काम, आणि ते तो घड्याळाकडे न बघता करायचा. शाळेच्या ओट्यावर झेंड्याच्या खांबाची सावली कुठवर आली ते बघून तो टोला द्यायचा. हेडमास्तर एकदा खवळले तर म्हणाला, “घड्याळ बंद पडता, सावली बंद पडत नाय.” पावसाळ्यात सावलीच नसायची. तेव्हा तो वर्गाच्या खिडकीतून शिक्षकाचं तोंड बघायचा. शिक्षक कंटाळला की तास संपला. त्या चार महिन्यांत गणिताचा तास फार लवकर संपायचा, आणि माझा त्याहून लवकर.

त्याची दुसरी खोड म्हणजे जगात कुठलीही जागा रिकामी आहे हे त्याला मान्यच नव्हतं. “त्या रिकाम्या खोलीत टेबल ठेव” म्हटलं की तो म्हणायचा, “रिकामी नाय सर, तिथं पाकोळ्या राहतात.” एकदा एक साहेब शाळेच्या संडासासाठी जागा बघायला आले. मागच्या कुंपणापाशी उभं राहून त्यांनी सहज विचारलं, “ही मोकळी जागा कोणाची?” झालं. हा त्यांच्यापुढे उभा राहिला आणि अर्धा तास बोलत होता. इथं घोरपडीचं बीळ आहे, त्या दगडावर अमक्याची म्हातारी भाऱ्यासकट टेकते, पलीकडच्या ताडावर सुगरणींची वस्ती आहे, आणि दुपारी या सावलीत तमक्याचा बैल बसतो, त्याला दुसरीकडे झोप येत नाही. साहेबांनी घाम पुसला आणि संडास दुसऱ्या बाजूला बांधला. आम्ही महिनाभर स्टाफरूममध्ये हसत होतो. हसण्यापलीकडे त्यात काही असेल असं आम्हा शिकलेल्या माणसांना वाटलं नाही.

आता उद्यान. त्याचा खरा इतिहास चार वाक्यांचा आहे. टेकडीच्या पायथ्याशी एक पाडा होता. कुडाची घरं, मधे चिंच, सीमेवर वाघोबाचा दगड. मग खाली लहानसं धरण झालं आणि भाताची खाचरं पाण्यात गेली. घरं पाण्यात गेली नव्हती, पण खाचरं गेल्यावर नुसत्या घरांना काय चाटायचंय, म्हणून सगळा पाडा उचलून दोन कोसांवरच्या माळावर नेऊन ठेवला. पुढे कूड पावसाने नेले, जोत्यांवर गवत आलं, आणि कित्येक वर्षांनी एका साहेबाला ती जागा ‘डेव्हलप’ करावीशी वाटली. आज तिथे काय नाही? हंसाच्या आकाराच्या पायडल बोटी आहेत, त्यातल्या निम्म्या हंसांना चोची नाहीत. दोरीचा पूल आहे, त्यावर ‘एका वेळी चारच’ असं लिहिलंय आणि चौदा जण झुलत असतात. मचाण आहे, तिथून वन्यप्राणी दिसतील अशी पाटी आहे आणि पार्किंग दिसतं. फुलपाखरू उद्यानात सिमेंटचं एक मोठं फुलपाखरू आहे, त्याला बघूनच बहुधा खरी यायची बंद झाली. आणि एक टॉय ट्रेन आहे, ती उद्घाटनाला साहेबांना घेऊन एक फेरी धावली आणि तेव्हापासून बोगद्यात विश्रांती घेते आहे.

उद्घाटन आठवड्यावर आलं तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की उद्यानाला सगळं आहे, फक्त इतिहास नाही. तो माझ्याकडून मागवला. मी मराठीचा माणूस, पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिका आणि मानपत्रं माझ्याच हातची. मी चहा संपायच्या आत इतिहास लिहून दिला. त्यात एक ओळ होती: ‘पूर्वी हा सारा परिसर घनदाट, निर्मनुष्य अरण्याने व्यापलेला होता.’ निर्मनुष्य हा शब्द मला फार आवडायचा, लिहिताना कसा रुबाबदार वाटतो. माझ्याच शाळेतला, माझ्याच हातात बावीस वर्षं चहाचा कप देणारा माणूस त्याच पाड्यावर जन्मला, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. लिहिताना आठवलं नाही, एवढंच. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि बोर्डाच्या खाली ‘शब्दांकन’ म्हणून माझं नाव रंगवलं गेलं.

तो वर्षभरापूर्वीच निवृत्त झाला होता. उद्घाटनाच्या गर्दीत मी त्याला बोर्डासमोर पाहिलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत वाचत होता. मधल्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. मग खाली माझ्या नावापर्यंत आलं. मी जवळ गेलो तर म्हणाला, “अक्षर लय चांगला हाय, सर.” अक्षर पेंटरचं होतं, पण मी मान डोलावली.

पुढे दोन-तीन महिन्यांनी मुंबईहून माझे व्याही आले. त्यांना उद्यान दाखवायचं म्हणजे मुख्यतः बोर्डावरचं माझं नाव दाखवायचं. गेलो तर बोर्डाला पाठ लावून हा उभा. डोकं चौथ्या ओळीपर्यंत, मधली ओळ नेमकी खांद्यामागे. एक गुजराती कुटुंब त्याची विनवणी करत होतं, “काका, जरा बाजू पर आवो ने, फोटो पाडवो छे.” हा त्यांच्याच भाषेत म्हणत होता, “पाडो ने, हुं क्यां ना पाडुं छुं?” म्हणजे काढा की, मी कुठे नाही म्हणतोय, आणि तसूभर हलत नव्हता. मी पुढे झालो.

“अरे, बाजूला हो जरा. पाहुण्यांना वाचायचंय.”

“बाकीचा वाचूद्या, सर. ही एक ओळ नको.”

“का?”

“ती खोटी हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “खाली तुमचा नाव हाय. कोणी जाणता वाचील तर तुम्हाला खोटा म्हणंल. म्हणून उभा रातू.”

तो टोमणा होता की माया, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याच्या तोंडावर तर मस्टर पुढे करताना असायचा तोच भाव होता. व्याह्यांनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हणालो, काही नाही, जरा भ्रमिष्ट आहे. त्याने ते ऐकलं. ऐकून त्याने माझ्या व्याह्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, “बोर्डात काय हाय? मला विचारा, मी दाखवतो.”

तेव्हापासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी हा त्याचा धंदाच झाला. पाठीमागची ओळ कोणी वाचू नये म्हणून तो लोकांना बोर्डापासून दूर न्यायचा आणि सगळा पाडा दाखवून परत जागेवर येऊन उभा राहायचा. घसरगुंडीशी नेऊन सांगायचा, “इथं माझ्या काकाचा घर. काका ताडी प्याला का इथनंच घसरायचा, तवा घसरगुंडी नव्हती तरी.” बोटींच्या तिकीटखिडकीशी त्याच्या आईची चूल होती. तिकीटवाल्याला तो दर वेळी बजावायचा, “पाय जपून, चूल हाय,” आणि तो बिचारा हळूहळू त्या कोपऱ्यात खुर्ची ठेवेनासा झाला. चिंचेखाली देवाचं बघणारा भगत राहायचा. दोरीच्या पुलाच्या खुंटाशी तारपा, ते भोपळ्याचं फुंकायचं वाद्य, बनवणारा एक आंधळा होता. त्याच्या अलीकडे एका भिंतीचे दोन भाऊ. भांडण झालं की दोघे त्याच भिंतीला आपापल्या बाजूने लाथा मारायचे. कारंज्याच्या जागी एका विधवेचं घर, तिच्या वालाचा वेल सगळ्यांच्या छपरांवरून हिंडायचा आणि शेंगा मात्र तिलाच विचारून तोडायच्या. मग मचाणाकडे हात करून तो आणखी कोणाकोणाचं सांगायला लागायचा, आणि नेमकी तेव्हाच माझी बस व्हायची.

उद्यानाच्या भिंतीवर वारली चित्रं काढली आहेत. ती कोणा लांबच्या पेंटरने काढली. त्यात नाचणाऱ्यांचं रिंगण आहे आणि तारपा वाजवणारा रिंगणाच्या बाहेर, एका कोपऱ्यात. तिथे आला की हा थुंकायचा, पण कुंपणापलीकडे. उद्यान स्वच्छ ठेवण्याबाबत तो फार कडक होता. “तारपावाला मधी असतो. सारी त्याच्याभोवती. बाहेर उभा राहून वाजवतो तो बँडवाला.” एका बाईंनी कौतुकाने विचारलं, तुम्ही कलाकार का? तर म्हणाला, “नाय, मी शिपाई.”

आणि वाघोबा. जमीन सपाट करताना जेसीबीने सीमेवरचा दगड कुठे ढकलला, कोणी सांगेना. याने पायांनी मोजून जागा काढली. ती लहान मुलांच्या बागेत निघाली, आणि नेमक्या त्या जागेवर काय असावं? वाघाच्या आकाराची कचरापेटी. जबडा उघडलेला, पोटावर ‘मला कचरा द्या’. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आली तेव्हा हा नारळ, शेंदूर आणि नवे तांदूळ घेऊन आला. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई, म्हणून चौकीदाराने तांदूळ अडवले. याने ते खिशात भरले आणि आत गेला. मी म्हणालो, अरे, कचऱ्याच्या डब्याची पूजा करतोस? म्हणाला, “देव खाली हाय. वरचा कायबी असंल, तोंड तरी वाघाचा हाय.” पेटीच्या कपाळाला त्याने शेंदूर लावला. पुढच्या रविवारी आलेल्या लोकांनी शेंदूर पाहिला, फूल पाहिलं, आणि चपला काढून हात जोडले. दोन महिन्यांत जबड्यात नारळ यायला लागले. सफाईवाली बाई पेटी रिकामी करायला घाबरू लागली, आणि लोकांनी कचरा शेजारी जमिनीवर टाकायला सुरुवात केली. साहेबांनी कोणाला जबाबदार धरावं यावर एक बैठक झाल्याचं मी ऐकलं. देवाला मात्र सीमेवर असतानाही इतके नारळ मिळाले नव्हते, असं हाच मला हसत हसत म्हणाला. हसताना त्याला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

त्याने माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक, ती ओळ बदलायला अर्ज लिहा. दुसरी, पाडा लिहून घ्या. “घरं कोणाची, दारं कुठं, कोण कोणाचा कोण. मी सांगतू, तुमी लिवा. मी लिवला तर कोण वाचील? तुमचा लिवलेला सरकार वाचता.” मी दोन्हीला हो म्हणालो. आमच्या बंदरपट्टीत नाही म्हणायची पद्धत नाही. हो म्हणायचं आणि करायचं नाही. पुढच्या रविवारी चिकूचा माल घ्यायला माणूस येणार असायचा. त्याच्या पुढच्या रविवारी कोणाची मुंज. मग माझा गुडघा. खरं कारण वेगळं होतं. अर्ज करायचा म्हणजे मी खोटं लिहिलं असं मीच सही करून सांगायचं, आणि माझ्या कपाटात ती शाल होती. पाच वर्षं त्याने दर भेटीत विचारलं आणि दर भेटीत म्हणाला, “घाई नाय, सर. मी हाय ना उभा.”

शेवटी मी अर्ज केला, तोही उद्यानाचं दुसऱ्यांदा सुशोभीकरण निघालं आणि बोर्ड बदलणारच आहेत असं कळलं तेव्हा. म्हणजे फुकटात होत असेल तर होऊ दे. अर्जाची पोच मिळाली. नवा बोर्ड लागल्याचं कळताच मी त्याला घेऊन गेलो. चकचकीत, दुप्पट रुंद, आतून दिवे. मजकूर आता तीन भाषांत होता: मराठी, गुजराती, इंग्रजी. आणि ती ओळ तिन्ही भाषांत होती. माझा अर्ज कुठल्या फायलीत झोपला होता कोण जाणे. जुना मजकूर ‘जशाचा तसा’ घ्या, असा शेरा होता म्हणे. माझं नावही तिन्ही भाषांत होतं. तो बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, आणि म्हणाला, “आता एका माणसाचा काम नाय, सर.”

त्याला वाटलं असेल, मी म्हणेन, चल, मी उभा राहतो दुसऱ्या बाजूला. मी म्हणालो, बस चुकेल.

पुढच्या रविवारपासून तो छत्री आणू लागला. भर थंडीत, ऊन नाही, पाऊस नाही, आणि हा दोन्ही हातांनी उघडी काळी छत्री पाठीमागे आडवी धरून उभा. मराठी आणि गुजराती झाकली जायची, इंग्रजी उघडी राहायची. म्हणायचा, “इंग्रजी वाचणारे थांबत नाय, फोटो काढून जातात.” हात भरून आले की छत्री थरथरायची. लोक आता त्याच्यासोबतच फोटो काढायला लागले होते. छत्रीवाले काका म्हणून तो कुठल्याशा व्हिडिओत आला आणि दोन दिवस प्रसिद्ध झाला. त्या व्हिडिओत तो काहीतरी सांगतो आहे, हात मचाणाकडे आहे, पण वर गाणं लावलंय, त्यामुळे काय सांगतो आहे ते ऐकू येत नाही.

गेल्या वाघबारशीच्या चार दिवस आधी तो गेला. खोकला छातीत उतरला होता. मी माळावरच्या त्याच्या घरी गेलो तो दहा दिवसांनी. छत्री दाराशी खुंटीला होती. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी, आयुष्यात पहिल्यांदा, वही घेऊन गेलो होतो. म्हणालो, वहिनी, जुन्या पाड्याचं लिहून घ्यायचंय, कोणाचं घर कुठे होतं ते सांगता का?

“मी लगीन होऊन आले ती हितं, नव्या वस्तीत. जुना पाडा मी बघला नाय. त्याच्या वारगीचा, त्याच्या वयाचा, आता कोणी उरला नाय.” मग म्हणाली, “तो तर म्हणं, सरांना सारा सांगून ठेवलाय. सरांनी लिवून घेतलाय.”

त्याने मला तिच्यासमोरही झाकलं होतं. मी वही पिशवीत ठेवली आणि पाणी पिऊन निघालो.

डिसेंबरात सहली सुरू झाल्या. एका रविवारी मी उद्यानात गेलो, तिकीट काढून. विरारकडच्या कुठल्याशा शाळेची मुलं बोर्डापुढे रांगेत उभी होती आणि त्यांच्या बाई मोठ्याने इतिहास वाचून दाखवत होत्या. त्या मधल्या ओळीपाशी येणार तेवढ्यात मी पुढे गेलो आणि बोर्डाला पाठ लावून उभा राहिलो. मी त्याच्याहून उंच आहे, मराठीतली ओळ माझ्या छातीमागे गेली. पाठीला बोर्ड गार लागत होता.

“काका, जरा साइडला व्हाल का? मुलांना लिहून घ्यायचंय.”

“ती ओळ खरी नाही,” मी म्हणालो. “इथे जंगल नव्हतं. म्हणजे होतं, पण इथे माणसं होती. पाडा होता. घरं होती.”

बाई चांगल्या होत्या. त्या वैतागल्या नाहीत. वळून मुलांना म्हणाल्या, बघा, हे इथले आहेत, यांना माहीत आहे. मग मला विचारलं, “किती घरं होती, काका?”

मी बोटांवर मोजायला लागलो. घसरगुंडीशी त्याचा काका. खिडकीशी त्याची आई. भगत. आंधळा तारपावाला. एका भिंतीचे दोन भाऊ. ते एक धरायचे की दोन, हे मी कधी विचारलंच नव्हतं. कारंज्याशी ती वालाच्या वेलाची. आणि मचाणाकडे कोण? तिथे तो हात करायचा आणि मी घड्याळ बघायचो.

“सात,” मी म्हणालो.

“लिहा रे, सात घरं,” बाई म्हणाल्या. चाळीस वह्यांत माना खाली गेल्या आणि माझं म्हणणं उतरून घेतलं गेलं.

मुलं बोटींकडे पळाली. मी संध्याकाळपर्यंत तिथेच उभा होतो, मचाणाकडे बघत.